जुलेखा खालाचं कुपन

मी मराठी वाचायला शिकले ती पत्रकांवर. करामा भागातल्या आमच्या घरात पलंगाखाली एक तपकिरी सुटकेस असायची. बाबा नोकरीसाठी दुबईला आले तेव्हा ती पुण्याहून भरून आणलेली, आणि तिच्यात कपडे कमी, पत्रकं जास्त होती. पिवळी, गुलाबी, पोपटी, घडीवर शाई पुसट झालेली. तरुणपणी बाबा गावोगाव फिरून बुवाबाजीविरुद्ध, नवसाच्या बळीविरुद्ध, अंगात आणण्याविरुद्ध ती वाटायचे. इथे परवानगीशिवाय कागदाचा कपटाही वाटता येत नाही, त्यामुळे त्यांची चळवळ सुटकेसमध्ये बसून राहिली आणि तिला एकच कार्यकर्ती मिळाली, ती मी. शाळा इंग्रजीत, खालचं दुकान हिंदीत, मराठी फक्त घरात. आणि घरात वाचायला ही पत्रकं. साधं बोलायचं मराठी मला नीट यायच्या आधी 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' येत होतं. सहा-सात वर्षांची असताना मी म्हणे जेवता जेवता उभी राहिले आणि म्हणाले, "या घरात सलग तीन दिवस भेंडी होत आहे, याचा मी तीव्र निषेध करते." आई म्हणाली, "कर निषेध. पण बसून कर, आणि खाऊन कर." माझं नावही बाबांनी पत्रकातूनच उचललं होतं. समता.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंतीतला एसी दिवसरात्र घरघरायचा आणि त्याचं पाणी खालच्या दुकानाच्या पत्र्यावर टपटपायचं. त्या आवाजाची इतकी सवय झाली की आजही शांत खोलीत मला झोप येत नाही. जवळच मशीद होती. बाबा पक्के नास्तिक, पण संध्याकाळची अजान झाली की भाताचा कुकर लावायचे. घड्याळापेक्षा तिच्यावर त्यांचा जास्त विश्वास होता. आई घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची, त्यामुळे शिट्ट्यांमधून पाढे ऐकू यायचे. समोरच्या दारात जुलेखा खाला राहायची. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली. तिचा नवरा, म्हणजे आमचे खालू, अजमानला लाकडी बोटींच्या दुरुस्तीवर होते. पहाटे जायचे ते अंधारून आल्यावर परतायचे. खाला एका नर्सरीत आया होती, दुसऱ्यांच्या मुलांना झोपवायची, आणि स्वतःच्या इम्रानला आमच्याकडे सोडून जायची. तिच्याकडून सांदणं यायची, तळलेली सुरमई यायची. आईकडून पुरणपोळी, थालीपीठ जायचं. रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हा दोन्ही घरांचा नियम होता, त्यामुळे एक स्टीलचा डबा मी दहा वर्षं दोन दारांच्या मध्येच पाहिला. तो मुळात कोणाचा, हे दोघींनाही आठवत नव्हतं.

'नवलसिद्धी' नावाचं मासिक या इमारतीत कसं आलं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी सोळाची झाले तोवर ते रुळलेलं होतं. मुंबईहून येणारं कोणी ना कोणी दर महिन्याला ते बॅगेत घालून आणायचं. जादूटोण्याचं साहित्य या देशात आणणं हा गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून वरचं कव्हर फाडून त्याला एका पाककृतींच्या अंकाचं कव्हर लावलेलं असायचं. बाहेर पालकाची भजी, आत अमावास्येचे उपाय. नजर, करणी, ताईत, वशीकरण, कुठलं मूळ कुठल्या नक्षत्रावर उपटायचं. मधल्या पानांत परदेशातल्या चेटकिणींवर लेखमाला. त्या बायका पौर्णिमेला रानात गोल करून मेणबत्त्या लावायच्या आणि झाडांना, नद्यांना देव मानायच्या. आमच्या इमारतीतल्या शुभदाकाकूंना ती लेखमाला फार आवडायची. त्या एका कार्गो कंपनीत ॲडमिनला होत्या आणि बायकांची भिशी चालवायच्या. मला ऐकवायच्या, "बघ समता, आपण वडाला दोरा गुंडाळला की अडाणी. त्यांनी झाडाला मिठी मारली की मॅगझिनमध्ये फोटो." मी घरी येऊन पत्रकं चाळायचे. पत्रकात तो मुद्दा नव्हता.

पण बायका अंक हातात आला की उलटा उघडायच्या. शेवटच्या पानावर 'माताजींना विचारा' हे सदर असे. वाचकांचे प्रश्न, खाली माताजींची उत्तरं; पूर्ण नाव नाही, फक्त आद्याक्षरं आणि गाव. प्रश्नासोबत अंकातलं कुपन कापून पाठवायचं. झेरॉक्स चालणार नाही, असं ठळक छापलेलं. आता अंक एक आणि वाचणारी घरं अकरा. म्हणजे महिन्याला एकच प्रश्न. शुभदाकाकूंनी यावर ऑफिसातल्या बाईला शोभेल असा मार्ग काढला. भिशीच्या दिवशी दुसऱ्या एका डब्यात कुपनाच्याही चिठ्ठ्या पडू लागल्या. जिचं नाव निघेल तिचं कुपन, आणि अकरा जणींचा फेरा पुरा होईपर्यंत तिचा नंबर पुन्हा नाही. पत्र भारतात जाणाऱ्या माणसाबरोबर जाई आणि तिकडे पेटीत पडे. उत्तराचा अंक आला की तो सगळ्यात आधी तिच्या एकटीच्या हातात द्यायचा, मग बाकीच्यांनी वाचायचा. हा नियम कोणी मोडल्याचं मला माहीत नाही. नर्सरीच्या, ऑफिसांच्या, व्हिसाच्या नियमांबद्दल दिवसभर कुरकुरणाऱ्या या बायका हा एक नियम मात्र देवाच्या नैवेद्यासारखा पाळायच्या.

पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि बाकीच्यांच्या मुलांना मराठी लिहिता येत नव्हतं. "आमचा रोहन मराठीत सही करतो तीही चित्र काढल्यासारखी," शुभदाकाकू म्हणाल्या, "तूच लिही बाई." आईला वाटलं होतं मी आकांडतांडव करीन. मी लगेच हो म्हटलं. मला शत्रूच्या छावणीत शिरायला मिळत होतं. मी एक दोनशे पानी वही केली आणि पहिल्या पानावर माझ्या भावी पत्रकाचं नाव लिहिलं : 'वाचक काय मागतात?' प्रत्येक पत्रातला प्रश्न मी तिच्यात एका ओळीत उतरवून ठेवायचे. वशीकरण किती, करणी किती, गुप्तधन किती, असे रकानेही आखले होते. वर्षभर पुरावा जमवायचा आणि मग स्फोट करायचा.

रकाने रिकामेच राहिले. वर्षभरात वशीकरणाचा एकही प्रश्न आला नाही. करणीचा एक आला, तोही असा की नणंदेने करणी केली असेल तर तिला क्षमा करून दिवाळीला फोन केला तर चालेल का. बाकीच्या बायका विचारत होत्या की सासूबाईंना इकडे आणावं की नको, नवरा हल्ली घरी बोलत नाही तर तो दमतो की कंटाळतो, मुलगी उत्तर इंग्रजीतच देते ती पुढे आपली राहील का, गावाला बांधलेल्या घरात आपण कधी राहणार. शुभदाकाकू मला खोलीचं दार लावून घ्यायला सांगून म्हणाल्या होत्या, "लिही, मला ऑफिसात सगळे मॅडम म्हणतात आणि घरी कोणीच काही म्हणत नाही. याला काही उपाय?" मग घाईघाईने, "नको, खोड ते. प्रमोशनचं लिही." मी वहीत 'प्रमोशन' लिहिलं. सोळाव्या वर्षी पुराव्यात बसत नाही ते पुरावा नव्हे, असं मला वाटत होतं. अंक आल्यावर बायका स्वतःचं उत्तर एकदा वाचायच्या आणि दुसऱ्यांचे प्रश्न तीन-तीनदा. सांगलीच्या कुठल्या तरी क. दे. चं पुढे काय झालं याची चर्चा भाजी निवडताना आठवडाभर चालायची. मला ते बौद्धिक दारिद्र्य वाटायचं. हा शब्दही पत्रकातलाच.

जुलेखा खालाचा नंबर सगळ्यात शेवटी, अकराव्या महिन्यात लागला. शुक्रवारची सकाळ होती. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारी असायची. ती डबा घेऊन आली, दार लोटलं आणि माझ्यासमोर बसली. "खालूंना सांगायचं नाय. ते म्हणतील गुनाह आहे. आहेही असेल. तू लिही." तिची अम्मी गावी भावाकडे होती आणि गेल्या पावसाळ्यापासून अंथरुणाला होती. खालाला नर्सरीच्या सुट्टीत, जुलैमध्ये, तिकीट मिळणार होतं. आता मध्येच गेली तर नोकरी जाईल, हे तिला स्पष्ट सांगितलं गेलं होतं. आणि भाऊ फोनवर एकच सांगायचा, अम्मी बरी आहे. आखातात राहणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. इकडचे तिकडे सांगतात आम्ही मजेत, तिकडचे इकडे सांगतात आम्ही मजेत. फोनवर आजारी माणूस मी ऐकलेला नाही.

प्रश्न एका ओळीचा होता. खाला दोन पानं सांगत राहिली. अम्मी अंगणात बोंबील वाळत घालते आणि कावळे आले की पत्र्याचा डबा वाजवते. तिच्या कोंबड्या संध्याकाळी तिच्याच हाकेला येतात. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, फोन उजव्या कानाला लावावा लागतो, भाऊ दर वेळी विसरतो आणि मग ती नुसतं हां हां करते. मी पेन ठेवून म्हटलं, "खाला, 'प्रश्न थोडक्यात लिहावा' असं छापलंय."

"थोडक्यात लिहिलं तर तिला कळेल कसं, कोणाची अम्मी ते?"

"माताजींना सगळं कळतं ना? मग कशाला सांगायचं?"

"टोमणे नको मारू गो. लिही."

मी लिहिलं. ते पत्र मी पाठवलं नाही.

याचं कारण तेव्हा मी स्वतःला तत्त्वाचं म्हणून सांगितलं होतं. फेरा संपत आला होता, माझ्या वहीत एकही सणसणीत पुरावा नव्हता, आणि मला माताजींना रंगेहाथ पकडायचं होतं. म्हणून खालाच्या कुपनासोबत, तिच्याच आद्याक्षरांनी, मी दुसरं पत्र पाठवलं : सासूबाईंनी दिलेली पाचूची अंगठी हरवली आहे, कुठे सापडेल? अशी अंगठी जगात नव्हती. माताजी तिचा पत्ता सांगतील, मी भिशीत सगळ्यांसमोर तो वाचून दाखवीन, आणि खलास. खालाचंच कुपन का, याचं खरं कारण आता लिहायला हरकत नाही. ती उर्दू शाळेत शिकलेली होती. तिला देवनागरी वाचता येत नव्हती.

सहा आठवड्यांनी अंक आला. नियमाप्रमाणे तो आधी खालाकडे गेला आणि ती तो घेऊन तडक आमच्या स्वयंपाकघरात आली. आई बाहेर शिकवणी घेत होती. तेरा सत्ते एक्याण्णव चाललं होतं. खालाने ओट्यावर अंक ठेवला, पण उघडू दिला नाही. हात त्याच्यावरच.

"काल फोन लागला," ती म्हणाली. "भाऊ म्हणाला, अम्मी बरी आहे, झोपलीय."

"मग बरंच की."

"मागे माणसं होती गो. खूप. दुपारची वेळ, कामाचा दिवस, आणि घर भरलेलं. कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं. आमच्या घरी दोनच खुर्च्या." मग तिने हात काढला. "वाच."

मी शेवटचं पान काढलं. तिथे छापलं होतं : 'जु. म., आखात. वस्तू घरातच आहे. उत्तरेकडील भिंतीलगत पाण्याच्या भांड्यामागे पाहावे. एकवीस दिवस पिंपळास पाणी घालावे.' माझा सापळा अगदी हवा तसा मिटला होता. मी वर पाहिलं. खाला ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून उभी होती आणि माझ्याकडे पाहतच नव्हती, कागदाकडे पाहत होती. मला लहानपणापासून पुरावा मागायला शिकवलं होतं आणि पुरावा तर तिनेच मला दिला होता. झोपलेल्या म्हातारीसाठी कोणी शेजारून खुर्च्या आणत नाही.

मी वाचलं, "भगिनी, वाट पाहण्याची वेळ आता संपली आहे. कोणाच्याही आश्वासनावर विसंबू नका. ताबडतोब निघा."

"ताबडतोब?"

"हो. असंच लिहिलंय."

"आणि रजा?"

मी पानावरून बोट पुढे सरकवलं. "हक्काची रजा मागून मिळत नसते. कळवा आणि निघा."

खालाने ते पान तिथेच अंकातून फाडून घेतलं, घडी करून ओढणीत बांधलं आणि गेली. बायका नंतर फाटलेल्या अंकावरून कुरकुरल्या, पण तोवर ती विमानात होती. खालू म्हणत राहिले, जुलैचं तिकीट आहे, जुलैला जा. ती म्हणाली, खलास, मी चालले. तिची अम्मी तिला भेटली. शुद्धीत होती. बारा दिवस खाला तिच्या उजव्या बाजूला बसून होती, तेराव्या दिवशी अम्मी गेली. खाला महिन्याने परतली तेव्हा नर्सरीत दुसरी बाई लागली होती. ती बरेच महिने घरी बसली. पुढे एका शाळेच्या कँटीनमध्ये लागली, उभ्याचं काम, पाय सुजायचे. माझ्याजवळ ती एकदाही कुरकुरली नाही.

भिशीत तिने सगळ्यांना सांगितलं की माताजींनी कसं स्पष्ट सांगितलं, ताबडतोब म्हणून. पुढच्या महिन्यापासून इमारतीत 'नवलसिद्धी'चे तीन अंक येऊ लागले. ज्या शेजारच्या इमारतीत ते कोणी हातात धरलं नव्हतं तिथेही डबा फिरू लागला. "आता बोल, समता," शुभदाकाकू म्हणाल्या, "तुझं पत्रक काय म्हणतंय?" मी पाणी पिऊन आले. बाबांना मात्र सांगितलं. ते आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे खोटं बोललीस."

"हो."

"सांगितलंस ते बरोबर निघालं."

"हो."

त्यांनी कॉलर उलटवली आणि तिच्यावरून दोनदा इस्त्री फिरवली. "पत्रक काढायचं असेल तर काढ. पण हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं. बाकीचं त्याच्या खाली."

मी पत्रक काढलं नाही. वही आणि तिच्यात ठेवलेलं खालाचं मूळ पत्र सुटकेसमध्ये गेलं, पत्रकांच्या खाली. पुढे मी पुष्कळ पत्रकं लिहिली, आजही लिहिते, पुण्यातले कार्यकर्ते ती छापतात आणि माझी भाषा फार जहाल आहे म्हणून दर वेळी दोन वाक्यं कापतात. माझं मत तसूभर बदललेलं नाही. घाबरलेल्या माणसाला पिंपळाला पाणी घालायला सांगून अंक विकणं हा धंदा आहे आणि तो बंद व्हायला हवा. ते मासिक आपोआप बंद पडलं. आता तेच सगळं फोनवर येतं. पत्ते पिसून भविष्य सांगणाऱ्या बायका लाइव्ह असतात आणि खाली हजार माणसं एकदम विचारत असतात. कुपन लागत नाही, नंबर लावावा लागत नाही. त्या प्रश्नांकडे मी कामाचा भाग म्हणून पाहते. अजूनही वशीकरणाचे फार कमी असतात.

आई-बाबा पुण्याला परत गेले, सुटकेस माझ्याकडे राहिली. खाला आता शारजाला, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये इम्रानकडे असते. गेल्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले. चौदावा मजला, खाली गाड्यांची रांग, दुबईच्या दिशेने हललेली न हललेली. इम्रानच्या मुलीने दार उघडून आत ओरडून सांगितलं, "दादी, some aunty is here!" खाला कोथिंबीर निवडत होती. बोलता बोलता उठली आणि कपाटातून एक प्लॅस्टिकचं फोल्डर घेऊन आली. त्यात तिचा पासपोर्ट, रेसिडन्सची कागदपत्रं, खालूंच्या मृत्यूचा दाखला, आणि एका वेगळ्या पारदर्शक पाकिटात ते पान.

"वाच ना एकदा. इथे कोणाला येत नाही."

मी पाकीट हातात घेतलं. तेव्हा काय बोलले होते ते मला शब्दशः आठवेना. "भगिनी," मी म्हटलं, "आता वेळ..."

"'वाट पाहण्याची वेळ आता संपली आहे,'" खाला म्हणाली. "मग आश्वासनाचं येतं. मग ताबडतोब."

वीस वर्षं तिने ते पाठ ठेवलं होतं, माझ्या पत्रकी मराठीतलं एक एक अक्षर. मी पाकीट टेबलावर ठेवलं. "खाला, हे इथे लिहिलेलं नाही."

"मग काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. पाण्याचं भांडं, पिंपळ.

"पिंपळ? आणि वस्तू कसली?"

"पाचूची अंगठी."

"माझी कधी होती पाचूची अंगठी?"

मग मी सगळं सांगितलं. ती ऐकताना कोथिंबीर निवडत राहिली, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे जा असं तू म्हणालीस."

"हो."

"ते ठीक. कोणीतरी म्हणायला पाहिजेच होतं. तुझी आई म्हणाली असती तरी मी गेले असते." मी सुटकेचा श्वास घेणार इतक्यात तिने मान वर केली. "पण माझं पत्र?"

"ते... मी पाठवलं नाही."

"गेलंच नाही?"

"नाही."

तिने कोथिंबिरीचं ताट बाजूला सारलं. "अकरा महिने, समते. दर महिन्याला डबा हलायचा आणि दुसरीचं नाव निघायचं. मी नर्सरीत त्या पोरांना थोपटायचे आणि मनात वाक्यं लावायचे, हे सांगायचं, मग ते सांगायचं. अम्मी गेली तेव्हा मला वाटलं, चला, तिच्याबद्दल कोणालातरी नीट सांगून तर झालं होतं. आणि तू अंगठी लिहिलीस?"

"खाला, ती माताजी म्हणजे कोणीतरी पगारी कारकून असणार. तुझं पत्र वाचून त्याने हेच पिंपळाचं..."

"वाचलं असतं ना पण?" ती म्हणाली. "यल्ला, जा तू आता. इम्रान येईल."

तिच्या घरून मी न जेवता परतले तो एवढाच एक दिवस.

पुढच्या रविवारी मी सुटकेस उघडली. वहीत अकरा नंबरच्या ओळीत मी लिहिलं होतं : 'आई जुलैपर्यंत जगेल का. आजार-मृत्यू.' सोबत ते पत्र, चौपदरी घडी केलेलं, दोन पानी. ते घेऊन अल नहदाला गेले. दार खालानेच उघडलं आणि आत जाऊन खुर्चीत बसली. मी समोर बसून वाचायला सुरुवात केली. बोंबील, कावळे, पत्र्याचा डबा. माझं सोळाव्या वर्षीचं अक्षर घोटीव होतं आणि जिथे मी वैतागले होते तिथे पेन रुतलेलं दिसत होतं. कानाच्या वाक्याशी खालाने हात वर केला. "थांब. ते परत वाच." मी परत वाचलं. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, फोन उजव्या कानाला लावावा लागतो. खिडकीबाहेर चौदा मजले खाली कोणीतरी हॉर्न दाबून धरला होता. मी दुसरं पान उलटलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत आले. 'तर माताजी, एवढंच विचारायचं आहे की ती जुलैपर्यंत थांबेल का?'

"नाय थांबली," खाला म्हणाली.

तिने हात पुढे केला. मी पत्र दिलं. तिने ते तिच्या जुन्या घडीवर दुमडलं, पारदर्शक पाकिटातून मासिकाचं पान बाहेर काढलं आणि त्याच्या जागी पत्र सरकवलं. पान माझ्यापुढे टाकलं. "हे ने. तुझ्या कामाचं आहे." मग ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा आवाज आला, आणि तिने नातीला हाक मारून सांगितलं, एक ताट जास्त काढ.